नलू मावशीच्या झोपेसाठी कोलोरॅडो: सीबीडी, टीएचसी आणि प्वेब्लोच्या मिरच्या

आमच्या नलू मावशीचं 'शुभ प्रभात' रोज पहाटे, चांगल्या किर्र अंधारात येतं. गुलाबाचं फूल, त्यावर दवबिंदू, खाली एखादा सुविचार. मला वाटायचं, बाई हौशी आहे, लवकर उठते. ऑगस्टमध्ये ती ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडहून माझ्याकडे, डॅलसजवळच्या अर्विंगला, राहायला आली तेव्हा खरं काय ते कळलं. सकाळी चहा ठेवायला उठले, तर मावशी सोफ्यावर बसलेली, दोन्ही तळपायांना फ्रोजन मटारच्या पिशव्या फडक्याने बांधलेल्या, आणि हातात फोन. ती लवकर उठत नव्हती. ती झोपतच नव्हती.

मावशीची केमो गेल्या वर्षी संपली. कॅन्सर गेला, पण केमो जाताना पायांच्या नसा दुखावून गेली. तळपायाची आग मस्तकात जाते हे मी आजवर रागावलेल्या माणसांबद्दलच ऐकलं होतं. हिची दिवेलागणीला सुरू व्हायची ती उजाडेपर्यंत. मी विचारलं, समीरला सांगितलंस का? समीर म्हणजे तिचा कॅन्सरचा डॉक्टर, आणि तिच्या मैत्रिणीचा मुलगा. इथेच जन्मलेला, पण बाराखडी शिकला ती मावशीच्या गॅरेजमधल्या रविवारच्या मराठी शाळेत. "त्याला सगळं माहीत आहे," मावशी म्हणाली आणि मटार परत फ्रीजरमध्ये ठेवायला उठली. (ते मटार नंतर उसळीत गेले नाहीत, असं ती शपथेवर सांगते. मी त्या आठवड्यात उसळ खाल्ली नाही.)

चार महिने ती सीबीडीचं तेल घेत होती, म्हणजे गांजाच्याच झाडातलं, पण न चढणारं. टेक्सासात ते कुठेही मिळतं, आमच्या इंडियन ग्रोसरीच्या शेजारच्या दुकानातसुद्धा. जिभेखाली थेंब टाकायचे. तिच्या शब्दांत, "मन जरा शांत होतं, पाय नाही." तिची मुलगी इरा कोलोरॅडोत, प्वेब्लो गावात शाळेत शिकवते. ती फोनवर कधीपासून म्हणत होती, इथे टीएचसी कायदेशीर मिळतं, माझ्याकडे येऊन ट्राय कर. मावशी म्हणायची, म्हणजे गांजाच ना गं? आणि विषय बदलायची. मटार पाहिल्यावर मी विषय बदलू दिला नाही. लेबर डेचा लाँग वीकेंड होता, त्याला जोडून दोन दिवस सुट्टी टाकली आणि आम्ही निघालो. मावशीला एक रात्र तरी सलग झोप मिळावी, बास, एवढाच हेतू होता.

विमानाने का नाही? कारण विमानतळावरच्या चालण्यानेच ती अर्धमेली होते. गाडीत पाय वर करून बसता येतं. तुम्हीही डॅलसकडून जाणार असाल तर २८७ नंबरचा रस्ता विचिटा फॉल्सवरून थेट अमरिलोला नेतो. रस्ता छान, गर्दी नाही, पण मध्ये छोटी छोटी गावं लागतात आणि तिथे स्पीड लिमिट एकदम खाली येतं. पोलीस नेमके तिथेच उभे असतात. मावशीने दशम्या, लसणाची चटणी आणि दहीभात असा सरंजाम घेतला होता, त्यामुळे खाण्यासाठी थांबायचा प्रश्न नव्हता. बाहेर कापसाची शेतं, पवनचक्क्या, मग काहीच नाही, मग परत कापूस. मावशीला हा प्रदेश फार आवडला. तिच्या मते काही नसलेलं बघायला पण कधीतरी मिळायला हवं.

मुक्काम अमरिलोला. साध्या मोटेलला नव्वद डॉलरच्या आसपास पडले, ब्रेकफास्ट त्यातच. तिथे टेक्सासच्या नकाशाच्या आकाराचे वॉफल करायचं मशीन असतं. मावशीने त्यावर आंब्याचं लोणचं घेऊन ह्यूस्टनकडच्या कोपऱ्यापासून खायला सुरुवात केली. हसत होती, पण डोळे सुजलेले होते. रात्रभर टबात पाय सोडून बसली होती, हे मला टॉवेलांवरून कळलं.

दुसऱ्या दिवशीचा रस्ता या ट्रिपचा खरा मेवा. डालहार्ट सोडलं की न्यू मेक्सिको लागतं, घड्याळ एक तास मागे जातं आणि फोनची रेंजही जाते. क्लेटनला गॅस, म्हणजे पेट्रोल, भरून घ्या, पुढे कुठे मिळेल सांगता येत नाही. त्यानंतर पिवळ्या गवताचा समुद्र आणि त्यात कधीकाळी पेटून विझलेले ज्वालामुखी. कॅपुलिन नावाच्या ज्वालामुखीच्या माथ्यापर्यंत गाडी जाते. आम्ही वर गेलो. मावशी गाडीतून उतरली नाही, काच खाली करून वारा घेत बसली. "एवढा मोठा डोंगर विझला," ती म्हणाली, "मग पाय काय चीज आहे."  मी थर्मासातला चहा ओतला.

रटोनची खिंड ओलांडली की कोलोरॅडो. ट्रिनिडाड गावात शिरताच टेक्सासच्या नंबरप्लेटच्या गाड्यांची रांग दिसते आणि गांजाच्या दुकानांच्या हिरव्या पाट्या. आम्ही न थांबता पुढे प्वेब्लोला गेलो. इराने दारातच आईला मिठी मारली आणि सोडेचना. मायलेकींच्या भाषा वेगळ्या, एक मराठीत रागावते, दुसरी इंग्लिशमध्ये उत्तर देते, पण रडतात एकाच भाषेत.

आता दुकानाचं सांगते, कारण बरेच जण हेच वाचायला आले असतील. आधी महत्त्वाचं: तुम्ही व्हिसावर असाल, ग्रीन कार्डची वाट बघत असाल, तर हात लावू नका. राज्याने परवानगी दिली तरी केंद्राचा कायदा वेगळा आहे आणि तो आपल्याला सोडत नाही. मी एच-वन व्हिसावाली, म्हणून गाडीतच बसायचं ठरवलं होतं. माझ्या व्हिसाच्या वकिलानेही तेच सांगितलं असतं. तेव्हा आतलं सगळं इरा आणि मावशीने सांगितलेलं आहे. मावशीकडे अमेरिकन पासपोर्ट आहे, ती ताठ मानेने आत गेली. मात्र ओढणी डोक्यावरून घेऊन. प्वेब्लोत तिला ओळखणारं कोण होतं, देव जाणे.

आत म्हणे बँकेसारखं. आधी ओळखपत्र, मग वेटिंग रूम, मग काउंटर. तिथल्या मुलीने नीट समजावलं. सीबीडी आणि टीएचसी एकाच झाडातून येतात, पण वागतात वेगळं. टीएचसी चढतं, सीबीडी चढत नाही. काहींना टीएचसीने दुखणं, मळमळ कमी वाटते, भूक लागते, झोप येते. पण तोंड कोरडं पडतं, चक्कर येते, छाती धडधडते, कुणाला उगाच भीती वाटते, आणि वयस्कर माणूस पडायचा धोका वाढतो. सीबीडीने डोकं ताळ्यावर राहतं, पण म्हणून ते अगदी निरुपद्रवी नाही, रक्त पातळ करायच्या आणि इतर काही गोळ्यांशी त्याचं पटत नाही. कुणाला कशाचा किती उपयोग होईल, याची खात्री कुणीच देत नाही. पोटात घेतलेलं टीएचसी चढायला दोन तासही लागतात, तेवढ्यात काही होत नाही म्हणून दुसरी गोळी घेणारे लोक फसतात. सगळ्यात कमी डोसपासून सुरू करायचं. शेवटी तिने विचारलं, तुमच्या डॉक्टरना माहीत आहे ना? मावशी म्हणाली, "यस, यस. ही इज लाइक माय सन."

पहिल्या संध्याकाळी इराने आईला नुसतं सीबीडी दिलं, चांगल्या प्रतीचं, म्हणजे तुलना नीट होईल. शिक्षिका ती. रात्र नेहमीसारखीच गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही गावात फिरलो. सप्टेंबर तोंडावर आला की प्वेब्लोत जिकडेतिकडे मिरच्या भाजतात. जाळीची मोठी पिंपं, खाली गॅसच्या ज्वाळा, आणि सगळ्या रस्त्यावर तो वास. मावशी वासाच्या मागे लहान मुलीसारखी गेली. पोतंभर मिरच्या घेतल्या आणि इराच्या नाजूक काचेच्या वाडग्यात वरवंट्याऐवजी कॉफीच्या मगाच्या बुडाने ठेचा केला. वाडगा वाचला. तो ठेचा आणि गरम भाकरी खाताना इरा घामाघूम झाली तरी थांबेना.

जेवणानंतर टीएचसीची अर्धी गोळी. मावशीने ती आधी देवासमोर ठेवली, मग घेतली. मी उरलेला डबा उचलायला इराला सांगितलं, कारण मावशी 'अजून एक घेऊन बघू का' म्हणणाऱ्यातली आहे. तास झाला, काही नाही. मग ती इराच्या लहानपणीच्या गोष्टी सांगायला लागली, जरा सावकाश, शब्द चाखत चाखत. आणि मध्येच थांबून म्हणाली, "अगं, दुखतंय. पण शेजारच्या खोलीत दुखतंय." थोड्या वेळाने ती बोलता बोलता झोपली.

सकाळी मला 'शुभ प्रभात' आलं नाही. इरा दोनदा तिच्या दाराशी जाऊन श्वास बघून आली. उन्हं पडद्यातून आत आली तेव्हा मावशी उठली, भिंतीला धरून बाथरूमला गेली कारण गरगरत होतं, दोन ग्लास पाणी प्यायली आणि खुर्चीत बसून म्हणाली की असं झोपायचं असतं हे ती विसरूनच गेली होती. इरा हमसून रडली. मीही रडले, लाजायचं काय त्यात.

मग मुद्द्याचं निघालं. इथलं टेक्सासात नेता येत नाही, तो गुन्हा आहे. म्हणजे सीबीडी आणि आपलं घर, किंवा टीएचसी आणि झोप. इरा म्हणाली, "आई, जस्ट मूव्ह हिअर."  शुगर लँडचं मावशीचं घर, चाळीस वर्षांपासूनच्या मैत्रिणी, दाराशी माणसाहून उंच झालेला कढीपत्ता. ते सगळं तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. इरा म्हणाली, ठीक आहे, आधी डोसबद्दल समीरला विचारते, आणि फोन उचलला. मावशीने तिचा हात धरला.

"त्याला नको सांगूस. त्याला काही माहीत नाही."

वर्षभर दर व्हिजिटला समीर विचारायचा, मावशी, पाय कसे आहेत? आणि ही म्हणायची, मस्त. कधी नुसतं 'थोड्या मुंग्या येतात' म्हणून विषय मिटवायची. मला वाटलं गांजाचं नाव काढायची लाज. शिवाय समीरच्या आईला कळलं की इथल्या मराठी मंडळात सगळ्यांना कळलं. तेही होतंच. पण खरं कारण वेगळं होतं.

"त्या पोराने मला वाचवलं गं," मावशी म्हणाली. "आता त्यालाच सांगू, तुझ्या औषधाने माझे पाय जळतात? त्याला झोप लागेल का?"

 मला राग आला, आणि मी तो दाखवला. म्हटलं, तू त्याला बाराखडी शिकवलीस, आता तो तुझ्यावर उपचार करतोय आणि तू त्याला चुकीचं उत्तर देतेस. त्याने शाळेत असं केलं असतं तर काय केलं असतंस? मावशीने ठेच्याचा वाडगा जवळ ओढला. मग म्हणाली, उभं केलं असतं.

परतीचा रस्ता तोच, पण लांब वाटला. उरलेल्या गोळ्या इराकडे ठेवल्या, मी मावशीची पर्ससुद्धा तपासली, ती चिडली, मी तरी तपासली. डिकीत फक्त भाजलेल्या मिरच्या होत्या.  क्लेटननंतर ती हळूहळू वाक्यं जुळवायला लागली, समीरला काय सांगायचं, कसं सांगायचं. अमरिलोत आम्ही परत त्याच मोटेलला उतरलो आणि तिने परत टबात पाय सोडले.

मी तिला शुगर लँडला सोडलं आणि अपॉइंटमेंटपर्यंत तिथूनच काम केलं. समीर आत आला, नेहमीसारखं विचारलं, मावशी, पाय कसे? तिची सगळी जुळवलेली वाक्यं पळाली. "जळतात रे," ती म्हणाली. "वर्ष झालं."

 तो चाकांचं स्टूल ओढून तिच्यासमोर खाली बसला, तिचे बूट काढले, मोजे काढले आणि दोन्ही पाय मांडीवर घेऊन बोटांनी दाबून बघायला लागला. दर दिवाळीला तो त्याच पायांना वाकून नमस्कार करतो. मावशीचा हात सवयीने त्याच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला. "मावशी, व्हाय डिडन्ट यू टेल मी," तो म्हणाला, आणि मग मराठीत, "मी विचारत होतो ना."

मग त्याने जे सांगितलं त्यावर हसावं की रडावं कळेना. नसांच्या दुखण्यावर साधी औषधं आहेत, ती आधी द्यायला हवी होती, ती तो आता देणार. आणि टेक्सासातही कॅन्सरच्या पेशंटला कमी टीएचसीचं औषध नोंदणी असलेले डॉक्टर लिहून देऊ शकतात. त्याच्याच क्लिनिकमध्ये, दोन दारं सोडून, तशी एक डॉक्टर बसते. आम्ही तीन राज्यं ओलांडून आलो होतो, आणि हे मावशीच्या घरापासून दहा मिनिटांवर होतं.

ट्रिप वाया गेली का, असं मला ऑफिसात कुणीतरी विचारलं. मिरच्या अजून फ्रीजरमध्ये आहेत, मटारच्या शेजारी. ज्वालामुखी बघितला. सीबीडी चांगलं की टीएचसी, याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते तुमच्या शरीराकडे आणि तुमच्या डॉक्टरकडे आहे, फक्त त्याला खरं सांगा. मावशीला आता झोपेआधी एक नसांची गोळी आणि थोडं टीएचसी मिळतं. काही रात्री बऱ्या जातात, काही नाही.

गेल्या मंगळवारी मी ऑफिसला निघाले तरी तिचं 'शुभ प्रभात' नव्हतं. गाडी पार्क केली, तरी नाही.  फोन लावणार, तेवढ्यात आलं. गुलाबाचं फूल, त्यावर दवबिंदू, आणि सुविचाराच्या जागी तिने स्वतः टाइप केलेलं: आत्ता उठले गं.