पाळकीणबाईंचा गळा हलला नाही

"तुम्ही लोक आधी काय खात होता, तेही सांग," पाळकीणबाई पहिल्या बाकावरून म्हणाल्या. हळूच, पण हॉलभर ऐकू जाईल अशा बेताने.

आमच्या चर्चच्या हॉलात मी साक्ष द्यायला उभी होते. प्रभूने आपलं आयुष्य कसं बदललं ते मंडळीसमोर सांगायचं, त्याला आमच्यात साक्ष म्हणतात. परगावचे पाहुणे आले की साक्ष हवीच. आणि ती आमच्या वस्तीतल्या माणसाचीच हवी. पाळकीणबाई म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, पाळकसाहेबांच्या बायको; त्यांना कोणी विचारत नसे, की तुम्ही आधी काय खात होता. त्यांच्या सासऱ्यांनी जानवं तोडून बाप्तिस्मा घेतलेला. ती गोष्ट मान वर करून सांगायची. आमची मान खाली घालून.

खरं तर मी काहीच खाल्लं नव्हतं. नगरकडच्या आमच्या महारवाड्यात बाप्तिस्मा घेतला तो माझ्या आजोबांनी. मी जन्मले तीच ख्रिस्ती. मेलेल्या ढोराचं मांस मी डोळ्यांनीही पाहिलेलं नाही. तरी याच हॉलात माझ्याकडून वदवून घेतलं होतं: आम्ही पडीचं खात होतो, घाणीत लोळत होतो, मिशनने आम्हाला माणूस केलं. पाहुण्या बाया डोळे पुसायच्या. मग चहा यायचा, आमचे कप वेगळ्या ट्रेमध्ये.

पण आज मागच्या बाकावर सारजा बसली होती.

सारजा चाकणकडची, मांगवाड्यातली. पिंपरीला औषधाचा नवा कारखाना उभा राहिला होता, तिथे आम्ही दोघी बाटल्या धुवायचो. यंत्रं परदेशी, पण पाणी प्यायची रीत गावचीच. बाकीच्या बाया सारजाला ओंजळ धरायला लावायच्या आणि वरून पाणी ओतायच्या. पहिल्यांदा पाहिलं तेव्हाच माझं डोकं फिरलं. घरून आणलेला माझा तांब्या मी तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "तोंड लावून पी."

"बाटवतीस का काय मला?" ती म्हणाली.

शेवटी प्याली. मग त्याच कडेला तोंड लावून मी प्याले. आमच्या महारवाड्यातही मांगाचं उष्टं पाणी कोणी पीत नसे. हे तिला ठाऊक होतं, मलाही. ती टक लावून माझ्याकडे पाहत राहिली.

पुढे रोज आम्ही त्या तांब्यातून प्यायचो आणि रोज ती विचारायची, "ह्यात तुझं काय?" तिचं चुकत नव्हतं. फुकट कोण काय देतं? पाणी कुठेतरी मुरत असणारच. इकडे पाळकीणबाई दर रविवारी विचारायच्या, "कोणाला सांगितलंस? कोण येतंय?" त्यामुळे माझाच मला संशय येई. मी तिला पाणी देते ते तिच्या तहानेसाठी, की बाईंना दाखवायला एक माणूस हवं म्हणून? याचं उत्तर मला बरेच दिवस सापडलं नाही. मी तिला प्रभूबद्दल अवाक्षर बोलले नाही.

एक दिवस तीच म्हणाली, "तुझ्या देवाच्या घरी न्हे मला एकदा. पर आधी सांग, तिथंबी समदी अशीच पित्यात का?"

"एकाच प्याल्यातून," मी म्हटलं.

हे खरं होतं. पण प्रभूच्या रक्ताची खूण म्हणून सगळे ज्यातून एकेक घोट घेतात तो प्रभुभोजनाचा प्याला पहिल्या बाकावरच्या जुन्या घराण्यांतून निघतो आणि आमच्या ओठांना सगळ्यात शेवटी लागतो, हे मी सांगितलं नाही. लाज वाटली.

आता ती मागे बसून माझ्याकडे पाहत होती. पाळकीणबाई पुन्हा म्हणाल्या, "सांग ना गं."

मी म्हटलं, "मी जन्माची ख्रिस्ती आहे. मी मेलेलं कधी खाल्लं नाही. आजवर सांगितलं ते मला सांगायला लावलं होतं. माझी साक्ष एवढीच, की ही सारजा पिते त्या तांब्यातून मी पिते. प्रभूकडून मी तेवढंच शिकले."

पाळकसाहेब खाकरले आणि त्यांनी घाईने गीत सुरू केलं. मी मागे गेले, सारजाचा हात धरला, तिला घेऊन पहिल्या बाकाच्या टोकाशी आले. तिला टोकाला बसवलं आणि मी पाळकीणबाईंच्या शेजारी बसले.

"मागे जागा आहे ना?" त्या कुजबुजल्या.

"आहे. मी इथे बसते."

त्यांनी पदर आवरून घेतला. मग प्रभुभोजन. सारजाचा बाप्तिस्मा झालेला नव्हता, तिला प्याला नव्हता, ती नुसती पाहत होती. पाळकसाहेब नेहमीप्रमाणे टोकापासून निघाले. सारजाला वगळलं की पहिली मी. त्यांचा हात थबकला, पण पाहुण्यांदेखत करतात काय? मी प्याले. प्याला पाळकीणबाईंकडे गेला. त्यांनी डोळे मिटले, प्याला ओठांशी नेला, तिरका केला, पुढे दिला.

घोट गिळताना गळा हलतो. त्यांचा गळा हलला नाही.

मी सारजाकडे पाहिलं. तीही तिथेच पाहत होती.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "लई वर्सं ओंजळीनं प्यालीया मी. कोण त्वांड चुकवतंय ते मला लगीच कळतं. ती बाई प्याली न्हाई."

"नाही प्याली."

"मग हितं कशाला येऊ? हे समदं गावात हायच की." थोडं चालून ती थांबली. "तू मातर तांब्या आणत जा."

ती गेली. तिने इथे यावं असं मला मनापासून वाटत होतं, हे तेव्हा कळलं.

पाळकीणबाई पायरीवर उभ्या होत्या. "तुझ्या ताठ्यापायी एक आत्मा हातचा गेला. देवाला काय उत्तर देशील?"

"बाई, तुम्ही घोट गिळला नाहीत," मी म्हटलं. "आधी तुम्ही उत्तर द्या."

त्यांचा चेहरा उतरला. त्यानंतर मला कोणी साक्षीला उभं केलं नाही.

भाऊ म्हणाला, सोडून दे ती मंडळी. का सोडू? ख्रिस्त काय बाईंच्या सासऱ्यांची जहागीर आहे? तांब्या मी रोज नेते, सारजा पिते, आता आणखी दोघी पितात. त्यांना मी हॉलात बोलावत नाही. खोटं आमंत्रण मी कोणाला देणार नाही. प्रभुभोजनाच्या रविवारी मात्र सगळ्यांच्या आधी जाते आणि पहिल्या बाकाच्या टोकाशी बसते. बाईंच्या आधी पिते. मग वळून त्यांच्या गळ्याकडे पाहते. मी पाहते हे त्यांना ठाऊक आहे.

तो गळा हलेपर्यंत मी तिथून उठणार नाही.