बोंबलाचं खत

हसणार नसाल तर सांगतो. हसलात तरी सांगणारच म्हणा, चहा व्हायला अजून वेळ आहे.

निवृत्त झाल्यावर पळसदरीच्या घरामागं मी गुलाब लावले. तीस वर्षं शाळेत पोरं सांभाळली, आता फुलं बघत बसू म्हटलं. तर मांजरं! एक नाही, चांगली पाच. रोज सकाळी बघावं तर झाडांची आळी उकरलेली, मुळं उघडी, आणि वर त्यांचा प्रसाद.

शेजारच्या हिराकाकी, म्हणजे परसातली पहिली भाजी आमच्याकडे देणारी बाई. त्यांना उरलेला भात मांजरांना घालताना मी एकदा पाहिलं होतं. झालं, गुन्हेगार सापडला! कुंपणाशी उभं राहून मी त्यांना पंधरा मिनिटं सुनावलं. काकींनी ऐकून घेतलं आणि आत गेल्या. त्या दिवसापासून भाजी बंद, बोलणं बंद. मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं, पण माघार कोण घेणार?

इकडे गुलाबांनी माना टाकल्या. म्हणून मी खत वाढवलं. आपलं नेहमीचंच, मासळी धुतलेलं पाणी. तेवढ्यानं भागेना, तेव्हा सुक्या बोंबलाची डोकी आळ्यात पुरली. दुसऱ्या दिवशी मांजरं सात. रोपं आणखी उकरली गेली, म्हणून मी आणखी डोकी पुरली. आता हसलात ना? मला खरंच कळलं नव्हतं हो.

एका सकाळी असाच खुरपं घेऊन बसलो होतो. कुंपणापलीकडून काकी बघत होत्या. महिन्याभरानं पहिल्यांदा बोलल्या.

"गुरुजी, मांजरांचं जेवान पुरून कशाला ठेवता? ताटात वाढा की."

हातात बोंबील, भोवती सात मांजरं. फार लाज वाटली. ज्या बाईंनी कधी हात आखडता घेतला नाही, त्यांना मी चोरासारखं बोललो होतो. तिथंच माफी मागितली. पण सवय जाते थोडीच? वर विचारलंच, "तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं, मग सांगितलं का नाही?"

"तुमी इचारलंत कुटं? माझा पोरगा तुमच्याच वर्गात व्हता. घरी येऊन सांगायचा, इचारल्याबिगर बोललं की गुरुजी बाकावर उभं करतात."

संध्याकाळी कुंपणावरून अर्धा दुधी आला. काकींना बागेबद्दल चार गोष्टी सांगाव्यात असं फार मनात आलं. पण कुणी विचारलं नव्हतं.