चारोळीचं झाड की गुलमोहर

घरकुल बांधून झालं तेव्हा दारासमोर एका झाडापुरती जागा उरली. एका बाजूला नळ, दुसऱ्या बाजूला संडासाची टाकी, आणि मधला तो तुकडा. त्यात काय लावायचं हे ठरवायला आम्हाला जवळजवळ एक पावसाळा लागला. चूक बहुतेक माझी होती, कारण मी त्याचा अभ्यास करायला घेतला होता.

मी तेव्हा ब्रह्मपुरीच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. गावाहून जीपने रोज जाऊन-येऊन. त्या वर्षी पर्यावरणाचा प्रकल्प सगळ्यांना लिहावा लागतो. वरच्या वर्गातल्या एका ताईने मला प्लास्टिकच्या दुष्परिणामांची तयार फाइल देऊ केली होती. फक्त पहिल्या पानावरचं नाव बदलायचं होतं. मी नको म्हणाले. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात गेलेल्या माझ्यासारख्या मुलींना एक खोड असते. नोटीस बोर्डावर जे लिहिलेलं असतं ते खरंच आपल्यासाठी लिहिलंय असं आम्हाला वाटतं.

मी विषय दिला : ‘घराच्या अंगणासाठी शोभेचे झाड आणि कवचफळाचे झाड : तुलनात्मक अभ्यास’. शोभेचं म्हणून गुलमोहर घेतला. कवचफळाचं म्हणून चार घेतला. ज्याच्या बिया फोडून चारोळी निघते ते आमच्या जंगलातलं झाड. सरांनी मान वर न करता ‘छान’ म्हटलं. त्यावर मी दोन दिवस खूश होते.

मग मी तक्ता आखला. सावली, फूल, फळ, वाढ, मुळं, वादळात टिकाव, पाण्याची गरज असे निकष, आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. पहिल्यांदा बेरीज केली तेव्हा गुलमोहर एका गुणाने जिंकला, कारण तो भराभर वाढतो. मला ते पटलं नाही. मी ‘स्थानिक की परदेशी’ असा आणखी एक निकष वाढवला. गुलमोहर मादागास्करचा, त्यामुळे त्याला शून्य. चार जिंकला. प्रकल्पात मी याला ‘सुधारित निकष’ म्हटलं आहे.

चार जिंकायला हवा होता, त्याचं खरं कारण तक्त्यात नव्हतं. माझी माय दर उन्हाळ्यात चार तोडायला जंगलात जाते. घर बांधून झालं त्याच्या आदल्या उन्हाळ्यात शेजारच्या गावची एक बाई मोहफुलं वेचायला गेली होती, तिला वाघाने नेलं. त्यानंतर आमच्या गावच्या बायका घोळक्याने जाऊ लागल्या, मोठमोठ्याने बोलत. पण जायच्या राहिल्या नाहीत. माझी परीक्षा त्याच दिवसांत असते. पेपर लिहिताना मला मध्येच वाटायचं, आत्ता माय कुठल्या झाडाखाली असेल? चार दारातच असला तर तिला जायची गरज नाही, इतका साधा माझा हिशेब होता. बाबा गडचांदूरकडे कामाला असतात. फोनवर त्यांना विचारलं तर म्हणाले, “मायले विचार.”

माय नळावर भांडी घासत होती. शेजारची काकू आपल्या घागरीची पाळी येण्याची वाट बघत उभी होती. मी तक्ता घेऊन गेले.

“माय, मी अभ्यास केला. आपण चार लावू.”

“कुठी?”

“इथी, दारात.”

“काऊन? जंगलातले सरले का?”

“दारात चार लागला तर तुले जंगलात जा लागणार नाई.”

“किती वर्षांनी लागते?”

“पाच-सहा लागतात,” मी जरा हळू म्हणाले.

“मंग तोवर वाघाले थांबून राह्य म्हणाव का?”

काकू हसली. “मॅडम आहे नं आपली. अर्ज लिहून देईल वाघाले.”

मायने कढई उपडी ठेवली आणि हात पुसत म्हणाली, “मले गुलमोहर पायजे.”

ती थट्टा करते आहे असं मला वाटलं. “माय, गुलमोहराचं काही खाता येत नाई.”

“म्हणूनच,” ती म्हणाली आणि भांडी घेऊन आत गेली.

त्या संध्याकाळी मी प्रकल्पात एक परिच्छेद वाढवला. ग्रामीण भागात स्थानिक वृक्षांविषयी जनजागृतीची गरज असल्याचं त्यात लिहिलं होतं. आपल्याच आईबद्दल असं लिहितोय हे मला तेव्हा कळलं नाही, किंवा कळलं असेल तर भाषा इतकी चांगली जमली होती की ते खोडवलं नाही.

रोवणं, म्हणजे धानाची लावणी, सुरू झालं तेव्हा माय दिवसभर लोकांच्या बांधीत, चिखलात असायची. मी एका सुट्टीच्या दिवशी रोपवाटिकेत गेले. तिथल्या भाऊंना म्हटलं, चार हवा आहे. ते फोनवर बोलत होते, त्यांनी हातानेच रांगा दाखवल्या आणि म्हणाले, “पाहून घ्या.” चाराचं लॅटिन नाव मला न अडखळता म्हणता येत होतं. मोठ्या पानांचं एक तरतरीत रोप मी निवडलं, घरी आणून खड्ड्यात लावलं आणि काठीला बांधलं. मायला एकदम दाखवायचं म्हणून कोणाला सांगितलं नाही.

माय चिखलाच्या पायांनी आली. खड्ड्याजवळ थांबली. मी बाजूला उभी होते, जरा अभिमानाने, जरा घाबरून. तिने खाली वाकून पानाकडे पाहिलं, पण हात लावला नाही.

“हे काय लावलं वं?”

“चार.”

“हा बिब्बा होय.”

मी म्हटलं, नसेल. ती म्हणाली, “पान उलटं करून पाह्य. नाई, तू नको करू. उतला अंगावर तर पंधरा दिवस खाजवत बसशील, कॉलेज राहील बाजूले.”

तो बिब्बाच होता. बिब्ब्याच्या आतलाही गर लोक खातात, म्हणजे तसं पाहिलं तर तेही कवचफळच. पण ते मी त्या वेळी बोलले नाही. मायने हाताला पोत्याचा तुकडा गुंडाळला, मुळाच्या मातीसकट रोप काढलं आणि नाल्याच्या काठी नेऊन लावलं. “त्याची काय चूक,” म्हणाली. तोपर्यंत काकू आलीच होती. “नाव बराबर पाठ केलं मॅडमनं,” ती म्हणाली, “झाडच चुकीचं निघालं.”

रात्री जेवताना मी मायला सॉरी म्हटलं. जन्मापासून चाराखाली वाढलेली मुलगी चार ओळखू शकली नाही, याची लाज मला अजून वाटते. माय काही रागावली नव्हती.

“उन्हाळ्यात चाराचं झाड पाह्यलं का तू?” तिने विचारलं. “एक फांदी धड राह्यत नाई. पिकू देत नाई कोणी. आज नाई तोडलं तर उद्या दुसरी नेते, म्हणून हिरवंच ओरबाडतो आम्ही. मी बी तेच करते. ते दारात लावलं तर मले काठी घेऊन राखण करा लागंल. शेजारच्या लेकरांले हाकलत बसू का? जंगलात निदान बाया तरी राह्यतात सोबतीले.”

“अन् गुलमोहर?”

“त्याचं काय नेतील? फूलच नं. नेऊ दे.”

मग थोडं थांबून ती म्हणाली, “तुझ्या ॲडमिशनच्या दिवशी कॉलेजात बसली होती मी, त्या गुलमोहराखाली. दोन घंटे. तू लायनीत होती. किती लोक गेले, कोणी मले उठ नाई म्हटलं, काय काम आहे म्हणून बी नाई विचारलं. नुसती बसली होती.”

मला तो दिवस आठवतो. मी कागदांच्या झेरॉक्स मोजत होते. माय कुठे बसली आहे हे मी पाहिलंही नव्हतं.

कॉलेजच्या त्या झाडाखाली पावसाळ्यात भरपूर रोपटी उगवतात, आणि झाडणारे मामा ती उपटून टाकतात. मी त्यांना एक मागितलं. ते म्हणाले, दहा घेऊन जा. प्लास्टिकच्या ग्लासात एक रोप घेऊन मी जीपमध्ये बसले. ग्लास सांडू नये म्हणून पूर्ण रस्ता दोन्ही हातांत धरला. घरी मी ते जुन्या खड्ड्यात लावायला निघाले तर माय म्हणाली, तिथे नको, टाकीला मुळं जातील आणि चुलीपासून दिसणारही नाही. मुळांचा निकष माझ्या तक्त्यात होता, टाकीचा नव्हता. आम्ही पुढे, रस्त्याच्या कडेला नवा खड्डा खणला. ती जागा मी कधी मोजलीच नव्हती.

प्रकल्पाच्या शेवटी ‘शिफारस’ लिहावी लागते. मी जुनं पान फाडलं आणि लिहिलं की अंगणात कोणतं झाड लावावं हे, ज्या व्यक्तीला तिथे बसायचं आहे तिला विचारावं. सरांनी त्याखाली लाल शाईने ‘वैज्ञानिक आधार?’ असं लिहिलं. माझ्याकडे आधार नव्हता. ताईची ती प्लास्टिकवरची फाइल दुसऱ्या कुणीतरी दिली होती, तिला माझ्यापेक्षा जास्त गुण पडले. ते बरोबरच असेल, ती फाइल तीन वर्षं सुधारत आली होती.

या उन्हाळ्यातही माय चाराला गेली. मी परीक्षेला गेले आणि पहिल्या पानावर तारीख लिहिताना मला तीच भीती वाटली, जी आदल्या वर्षी वाटली होती. गुलमोहराने त्यात काही फरक केला नाही, करणारही नाही. मी संध्याकाळी परत आले तेव्हा बायका नुकत्याच जंगलातून आल्या होत्या. मायने डोक्यावरचं गाठोडं दाराशी टाकलं आणि ती पाय न धुता झाडाजवळ गेली. झाड तिच्या छातीएवढं झालं होतं. फूल यायला अजून काही वर्षं आहेत.

“सावली पडते का वं तुझ्या गुलमोहराची?” काकूने नळावरून विचारलं.

“पडते नं,” माय म्हणाली. “कोंबडीपुरती.”

साल सुटावी म्हणून गाठोड्यातला हिरवा चार भिजत घालायचा होता. मी तो उचलून आत नेला. माय आली नाही. ती उतरत्या उन्हातच बसून राहिली होती, झाडाकडे तोंड करून.