तिसरा रविवार

लढाईवर जाऊन आलेला माणूस शूर असतो, असा आमच्या गावात समज आहे. मी लढाईवर गेलो तो लष्करी दवाखान्यातला कंपाउंडर म्हणून. औषधं घोटली, जखमा धुतल्या, पट्ट्या बांधल्या. बंदूक उचलली ती फक्त शिकताना, तीही उलटी. तरी परत आल्यावर लोक मला वाट देऊ लागले, आणि मीही ती घेऊ लागलो. माझा भित्रेपणा फक्त दोन बायकांना ठाऊक होता. एक माझी आई, आणि दुसरी गावच्या शाळेतली बाई.

नेवाशापासून चार कोसांवर आमचं गाव. आमची ख्रिस्ती वस्ती गावाच्या कडेला, आणि वस्तीच्या मधोमध देऊळ, म्हणजे आमचं चर्च. आठवडाभर त्यात शाळा भरायची, रविवारी उपासना. आमच्यात लग्न ठरलं की पाळकसाहेब ओळीनं तीन रविवार वेदीपाशी उभे राहून दोघांची नावं पुकारतात आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारतात. तिन्ही रविवार कुणी बोललं नाही तर लग्न लागतं. माझं नाव दोन रविवार पुकारलं गेलं, शाळेतल्या बाईच्या नावाबरोबर. तिसऱ्या रविवारच्या आधी, गुरुवारी, मला लष्करात हजर होण्याचा हुकूम आला. आई म्हणाली, "येशील सा महिन्यानं, मग पुकारतील तिसऱ्यांदा." मी चार वर्षांनी आलो.

माझं लग्न ब्रह्मदेशात झालं. ती तिथल्या मिशनच्या इस्पितळात नर्स होती, डोंगरातल्या ख्रिस्ती लोकांपैकी. आम्ही बोलायचो ते मोडक्या हिंदुस्थानीत आणि तितक्याच मोडक्या इंग्रजीत. प्रेम होतं, ते मी नाकारत नाही. ते आजही आहे. पण प्रेम केलं म्हणून माणूस सरळ होतो, असं काही नाही.

आईला अक्षरओळख नव्हती. माझी पत्रं तिला वाचून दाखवायची ती बाईच, आणि आईची उत्तरं लिहायचीही तीच. मला हे पक्कं ठाऊक होतं. चार वर्षं मी आईची माया तिच्या अक्षरात वाचत होतो: ठसठशीत, जरा उजवीकडे झुकलेलं अक्षर. त्यात तिनं स्वतःचा एक शब्दही कधी घातला नाही. फक्त शेवटी लिहायची, "लिहिणारीचा नमस्कार."

लग्न झाल्यावर मी आईला पत्र लिहिलं. पाळकसाहेबांना वेगळं पत्र लिहून त्यांच्याकरवी कळवता आलं असतं. बाईला स्वतःला चार ओळी लिहिणं तर माझं कर्तव्यच होतं. मी दोन्ही केलं नाही. आईच्या नावानं पत्र टाकलं आणि मनाशी म्हणालो, कळेल तिला. सांगण्याचं काम तिचं तिच्यावरच टाकलं, इतका मी सोयीचा माणूस. शिवाय पत्रात नव्या बायकोचं कौतुकही लिहिलं होतं, तिचे केस गुडघ्यापर्यंत पोचतात वगैरे.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. तेच अक्षर. "तुझे पत्र पोचले. ऐकले. सुनेला आशीर्वाद. दोघे सुखी राहा." खाली "लिहिणारीचा नमस्कार" होता. अक्षर कुठं हललेलं नव्हतं. मी ते पुन्हा पुन्हा पाहिलं आणि मला हायसं वाटलं. सुटलो, असं मी चक्क मोठ्यानं म्हणालो. शेजारच्या खाटेवरच्या जखमी शिपायानं विचारलं, सुट्टी मिळाली का? मी हो म्हणालो.

लढाई संपल्यावर मला सोडलं. बायकोचे वडील अंथरुणाला खिळलेले, म्हणून ती मागून येणार होती. मी घरी पोचलो. आईनं जेवायला वाढलं, आणि मी पहिला घास घेतला तेव्हा ती बोलली.

"तुजं ते पत्र तिनं शाळंच्या पायरीवर बसून वाचलं. मदी थांबली. मी म्हनलं, बाई, ऱ्हाऊ दे फुडलं. तर म्हनली, पत्र तुमचं हाय, मला गाळायचा हक न्हाई. समदं वाचलं. केसाचं बी वाचलं."

मी भाकरी मोडत राहिलो.

"मग पानी प्याली आन् म्हनली, सांगा, काय लिवू?"

त्यानंतर मी नगरला एका दवाखान्यात नोकरी धरली आणि गावी जायचो ते फक्त रविवारी, आईसाठी. देवळात पुरुषांच्या बाजूला अगदी मागं बसायचो आणि शेवटचं गीत सुरू झालं की बाहेर पडायचो. एवढ्याशा वस्तीत दोन वर्षं एका बाईचं तोंड चुकवणं हे सोपं काम नाही. मी ते मन लावून केलं.

दरम्यान बायकोचे वडील गेले. इंग्रज गेला, ब्रह्मदेश परका मुलूख झाला. तिकडे मारामाऱ्या सुरू झाल्या. तिचं पत्र आलं की इस्पितळ अर्धं रिकामं झालंय, रस्ते बंद होताहेत, मला लवकर बोलाव. आता तिला आणायचं तर परवाना हवा होता. मी कचेरीत गेलो. कारकुनानं कागदांची यादी सांगितली: लग्नाचा दाखला, नोकरीचा दाखला, राहायला घर आहे याचा दाखला, आणि लग्नाच्या वेळी मी मोकळा होतो, अडचण काही नव्हती, असा माझ्या गावच्या देवळाच्या पाळकाचा दाखला. बाकीचे तिन्ही दाखले महिन्याभरात गोळा झाले. चौथ्यासाठी पाळकसाहेबांकडे गेलो.

त्यांनी जाड वही काढली, चष्मा लावला आणि पान माझ्याकडे फिरवलं. पुकारल्याच्या नोंदी होत्या. माझ्या आणि बाईच्या नावापुढे दोन रविवारांवर खुणा, तिसरा रकाना रिकामा.

"हे पान असं उघडं असताना अडचण नव्हती असं मी कसं लिहू?" ते म्हणाले. "तिच्याकडून लिहून आण, की तिची हरकत नाही. मग देतो."

"तुम्हीच तिला विचारा ना," मी म्हणालो.

त्यांनी चष्मा काढला. "मी का? लग्न माझं ठरलं होतं काय?"

म्हातारा भारी तिखट. पण बोलला ते खरं होतं.

मी तिच्यासाठी मजकूर स्वतःच तयार केला. तिला त्रास नको म्हणून, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला भीती होती की लग्न ठरलं होतं असं कागदावर आलं तर सरकार शंका काढील आणि परवाना अडकेल. म्हणून मी लिहिलं की, सदर इसमाशी माझा विवाह ठरलेला नव्हता, देवळात नावे पुकारली गेली ती माझ्या संमतीशिवाय व चुकीने. खाली सहीला जागा सोडली.

शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर गेलो. ती फळा पुसत होती. सहा वर्षांनी आम्ही समोरासमोर उभे होतो. कानाजवळ थोडे केस पिकले होते. मला बघून तिनं फडकं खाली ठेवलं, माठातलं पाणी दिलं आणि म्हणाली, "बसा. आईंचा गुडघा कसा आहे?" आईचा गुडघा दुखतो हे मलाच ठाऊक नव्हतं.

मी बायकोची हकिकत सांगितली, तिकडची मारामारी सांगितली, आणि कागद पुढं केला. तिनं तो हातात घेतला नाही.

"वाचून दाखवा," ती म्हणाली. "तुमची पत्रं मी चार वर्षं वाचून दाखवली. एवढं एक तुम्ही वाचा."

मी वाचलं. रिकाम्या शाळेत माझा आवाज मोठा वाटत होता. 'संमतीशिवाय व चुकीने' हेही वाचलं. ती ऐकत होती, पोरांची कविता ऐकावी तशी.

"मी चुकीनं थांबले नव्हते," ती म्हणाली.

"तसं नाही हो बाई. नुसता सरकारी कागद आहे. असं लिहिलं तर काम लवकर होईल."

"आणि खरं लिहिलं तर?"

"अडकेल."

"मग अडकू दे. पोरांना मी खोटं शिकवत नाही, सरकारला कशाला शिकवू?"

तिनं टेबलाच्या खणातून कोरा कागद घेतला, दौत ओढली आणि उभ्यानंच लिहायला लागली. तेच ठसठशीत, उजवीकडे झुकलेलं अक्षर. लिहून झाल्यावर वाळवलं आणि माझ्यासमोर धरलं.

"आमचे लग्न ठरले होते. माझ्या संमतीने दोन रविवार नावे पुकारली. तिसरा रविवार झाला नाही. त्यांनी नंतर केलेल्या लग्नास माझी हरकत नाही. त्यांच्या पत्नीस इकडे येण्याची परवानगी लवकर मिळावी, अशी माझीही विनंती आहे."

खाली सही. त्या शेवटच्या ओळीसाठी मी तिचे पाय धरायला हवे होते. त्याऐवजी मी म्हणालो, "ते पहिलं वाक्य तेवढं काढता आलं तर?"

तिनं फडकं उचललं आणि उरलेला फळा पुसायला लागली. मी निघालो.

पुढचं लिहायला हात धजत नाही, पण लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. वाटेत लिंबाखाली बसलो आणि खिशातून माझा मजकूर काढला. तिची सही तिच्या कागदावर समोरच होती, तिचं अक्षर तर चार वर्षं वाचलेलं. मी माझ्या मजकुराखाली तिची सही केली. बरी साधली. मग दोन्ही कागद खिशात घालून पाळकसाहेबांकडे गेलो. दारात पोचल्यावर आठवलं की त्यांनाही तिचं अक्षर ठाऊक आहे, आणि वरचा मजकूर उघड उघड माझ्या हातचा. पकडला जाईन म्हणून मी खरा कागद दिला. फक्त म्हणून. पाळकसाहेबांनी तो वाचला, वहीतल्या रिकाम्या रकान्यावर आडवी रेघ मारली, मला दाखला लिहून दिला आणि तिचा कागद त्याला जोडला. माझा कागद मी घरी चुलीत घातला. आईनं विचारलं, काय जाळतोस? मी म्हणालो, जुनी यादी.

सोमवारी कचेरीत सगळे कागद दिले. तिचा कागद कारकुनाच्या हातात गेला तेव्हा मी टेबलाशी वाकलो. त्यानं वाचला, शिक्का मारला, बाजूला ठेवला.

"यात काही अडचण नाही ना?" मी विचारलं.

"कसली अडचण? ठरलेलं लग्न मोडणं हा काय गुन्हा आहे का? आधीची बायको नाही, एवढंच सरकारला पाहिजे." मग पुन्हा कागदाकडे बघून म्हणाला, "बाईंचं अक्षर मात्र मोत्यासारखं आहे हो."

म्हणजे ते खोटं सरकारला नकोच होतं. ते मला हवं होतं. नाव चुकून पुकारलं गेलं असं कुठंतरी लिहिलेलं असावं, म्हणजे मी कुणाला टाकलं असं होणार नाही.

परवाना आला. बायको बोटीनं कलकत्त्याला आणि तिथून आगगाडीनं नगरला आली. वडलांचं बायबल आणि एक गाठोडं, एवढंच सामान. आईनं तिला पोटाशी धरलं, केस हातात घेऊन बघितले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "पत्रात बरुबर लिवलं हुतंस." बाई तोवर शेवगावच्या शाळेवर गेली होती. बदली तिनं मागून घेतली होती.

परवान्याबरोबर काही कागद परत आले होते, त्यात तिचाही होता. बायकोनं तो पाहिला आणि विचारलं, एवढं सुंदर अक्षर कुणाचं? काय लिहिलंय? तिला तेव्हा मराठी येत नव्हतं. मी कागद हातात धरून हिंदुस्थानीत सांगितलं: "गावातल्या एका शिक्षिकेनं लिहिलंय, तुला लवकर येऊ द्यावं अशी विनंती केलीय." पहिली चार वाक्यं गाळली. बायको म्हणाली, किती चांगली बाई असेल. मी हो म्हणालो आणि कागद ट्रंकेत तळाशी ठेवला.

बायको मराठी बोलायला आईकडून शिकली, म्हणून अजून आईसारखंच बोलते. वाचायला शिकली गीतांच्या पुस्तकावरून. पुढं तर डॉक्टरांची गिचमिड चिठ्ठीही ती माझ्याआधी लावू लागली. ट्रंकेला कुलूप कधीच नव्हतं.

आई गेली त्या वर्षी, पावसाळा संपता संपता, पोस्टमननं पाकीट दिलं. शेवगावचा शिक्का होता. पत्ता वाचायच्या आधीच मी अक्षर ओळखलं. पण पत्र माझ्या नावाचं नव्हतं. बायकोच्या नावाचं होतं. म्हणजे आधी हिनं तिला पत्र लिहिलं होतं, आणि हे उत्तर होतं.

बायको शेंगा निवडत होती. मी पाकीट तिच्या हातात दिलं. तिनं हात पुसले, फोडलं, सावकाश वाचलं, दोन्ही बाजूंनी. मग वर बघितलं. रागावलेली नव्हती.

"वाचून दावू?" ती म्हणाली. "समदं वाचते. काय बी गाळत न्हाई."

मी नको म्हणालो.