पपांचं ‘येटे येटे’

असले भुताखेतांचे किस्से कुणी सुरू केले की मी चहा ठेवायच्या निमित्ताने उठते. जर्मनीत, आखेनमध्ये सेन्सर टेस्टिंगचं काम करते — जे मोजता येत नाही, ते माझ्या लेखी नाहीच. तरी हे लिहितेय...

माझा नवरा श्टेफान सीमेपलीकडच्या ऑयपेनचा. देश बेल्जियम, भाषा जर्मन; त्या देशात जर्मन बोलणारे मूठभर. म्हणूनच की काय, सासऱ्यांना — मी त्यांना पपा म्हणायचे — माझ्या मराठीचं भारी कौतुक. निघताना आपण ‘जाते’ नाही, ‘येते’ म्हणतो, हे तर त्यांना फारच आवडलं. “गेनाऊ! अगदी बरोबर! परत येणार हे सांगूनच निघायचं!” पण शिकले माझं ऐकून, त्यामुळे पुरुष असून ‘येते’. त्यात ‘त’ जमेना, म्हणून ‘येटे येटे’. नेहमी दोनदा. “अहो पपा, येतो म्हणा!” सांगून मी थकले.

हॉस्पिटलमधल्या शेवटच्या भेटीत निघालो होतो आम्ही, पण ‘येटे येटे’ म्हणाले ते. रेवा तेव्हा माझ्या पोटात होती.

रेवा आता सहा वर्षांची आहे. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्ये.

मागच्या ऑक्टोबरच्या सुट्टीत, भर दुपारी, आम्ही तिघं सीमेवरच्या वेनमध्ये फिरायला गेलो. वेन म्हणजे दलदलीचा माळ, त्यावरून लाकडी फळ्यांची वाट. रेवा चार पावलं पुढे होती, आणि धुकं उतरलं... स्वतःचे बूट दिसेनात. हाक मारली — उत्तर नाही. फळ्यांच्या दोन्ही बाजूंना काळं पाणी. श्टेफानने इमर्जन्सीला फोन लावला. मी घसा फाटेपर्यंत ओरडत होते. जन्मात पहिल्यांदा नवस बोलले, कुठल्या देवाला तेही आठवत नाही.

वीसेक मिनिटांनी धुकं विरळ झालं. पार्किंगजवळच्या सीमेच्या दगडावर ही बया बसलेली! बुटांना चिखल, बाकी ठणठणीत. मी आधी कवटाळलं, मग रडले, मग रागावले.

“एक ओपा होते,” ती जर्मनमध्ये म्हणाली. ओपा म्हणजे आजोबा. “दिसले नाहीत, नुसता आवाज. मी त्याच्या मागे मागे आले. आई, ते तुझ्यासारखं बोलत होते, पण चूक. येटे येटे.”

श्टेफान तिथेच खाली बसला. “तू सांगितलं होतंस तिला?”

“नाही. तू?”

त्यानेही नाही. सासूबाईंचे डोळे भरतात म्हणून तो शब्द आम्ही घरात कधी काढलाच नव्हता.

कुत्र्याला हाका मारणारा कुणी म्हातारा असेल, असं स्वतःला सांगून पाहिलं. पण ना कुत्रा दिसला, ना म्हातारा. भीती मात्र अजिबात वाटत नाही — आठवलं की अजूनही हुश्श होतं, बस.

परवा शाळेला निघताना रेवा दारातून ओरडली, “आई, येटे येटे!” ‘त’ दुरुस्त करायला मी तोंड उघडलं. मग वाटलं, नुसतं ‘ये’ म्हणावं, पण माझ्या तोंडून निघालं, “या.”