काळा चोकर, पिवळी ओढणी: लातूर, नांदेड आणि येताना चाकूर

लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात मी काळे बूट, काळा स्कर्ट, गळ्यात पोलादी कडीचा चामडी चोकर असा जामानिमा करून तिकडं निघाले, यावर माझ्या आईचा अजूनही विश्वास बसत नाही. नांदेडचा एक फोटोग्राफर, अजिंक्य, माझे गॉथ कपड्यांचे फोटो पाहून मागं लागला होता. गोदावरीच्या कोरड्या पात्रात शूट करू म्हणाला. मी नाही म्हणणार होते. पण माझी मैत्रीण प्रज्ञा म्हणाली, "चल. मलाही चाकूरला जायचंय. एकटीनं जमत नाहीये."

प्रज्ञाची ओळख आधीच करून देते. ती चाकूरची, पुण्यात बँकेत नोकरी करते, फिकट रंगांचे कुर्ते घालते. आम्ही भेटलो एका गॉथ पार्टीत, तिथं ती एकटीच पिवळ्या कपड्यांत होती. तुम्ही मला कमेंटमध्ये नेहमी विचारता, गॉथ म्हणजे तेच ना, बीडीएसएम? नाही. कातडी पट्टे, साखळ्या, कड्या आम्ही त्या जगातून उचलल्या आणि पार्ट्याही पुष्कळदा एकत्र होतात, एवढं खरं. पण मला काळा रंग आणि उदास गाणी आवडतात, माझं प्रकरण तिथंच संपतं. नात्यात एकानं स्वखुशीनं ताबा द्यायचा आणि दुसऱ्यानं तो जपून घ्यायचा, हे जगणं प्रज्ञाचं आहे. तिच्या जोडीदारानं, निनादनं, दिलेली बारीक पोलादी हसळी तिच्या गळ्यात असते. तिला इवलंसं कुलूप आहे. वर कायम ओढणी. लोक मात्र संशय माझ्यावर घेतात.

लातूरला सकाळी उतरलो. स्टँडजवळ सुशीला खाल्ली, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमाच. हॉटेलवाल्यानं पाण्याचा ग्लास अर्धाच भरला आणि आम्हीही तो पुरवून प्यायलो. तुम्ही उन्हाळ्यात जाणार असाल तर पाणी बरोबर न्या. आणि काळं घालू नका, हे मी सांगतेय.

नांदेडच्या एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी चैन नव्हतं. सीट तापलेली, बूट काढावेत तर परत चढवायचे कुणी? पुढच्या बाकावर दोघांचा वाद रंगला होता.

"उदगीर जिल्हा होऊन राहिलाय म्हणं."

"होऊ दे की. मग आपलं चाकूर कुठं जाणार?"

"कुठं का जाईना. कलेक्टर नवा आला तर पाणी येणार हाय का?"

चाकूर आलं. कंडक्टर ओरडला. प्रज्ञानं बॅग मांडीवर घेतली, दाराकडं पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवली.

"उतरायचं ना?" मी विचारलं.

"येताना," ती म्हणाली. अहमदपूर येईपर्यंत ती ओढणी नीट करत राहिली. घरात तिच्यासाठी स्थळं बघणं चालू होतं आणि निनादबद्दल सांगायला ती निघाली होती, हे मला माहीत होतं.

नांदेडच्या लॉजवर खोलीला एकच बादली मिळाली. काजळ खोबरेल तेलानं पुसलं. दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत आम्ही पात्रात पोचलो. भेगांत पाय अडकत होते. सुरुवातीचे फोटो सुरेख आले, हे कबूल करते. मग अजिंक्य जवळ आला, माझ्या चोकरच्या कडीत बोट घातलं आणि मला पुढं ओढलं.

"आता जरा तसलं करू. तुम्हा लोकांना आवडतं ना?"

 इतकी वर्षं रस्त्यावर लोकांच्या नजरा झेलणारी मी, खांबासारखी उभी राहिले. छत्री धरून बसलेली प्रज्ञा उठून आली.

"हात काढ."

"अहो, मजाक करून राहिलो."

"तिला विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय? घातलंय की तिनं."

"विचारायचं असतं. हात काढ."

आवाज चढला नव्हता, पण त्यानं हात काढला. आम्ही शूट तिथंच सोडलं. रिक्षात बसल्यावर "तुला कसं सुचलं?" मी विचारलं. ती म्हणाली, "मी आणि निनाद आधी सगळं बोलतो. काय चालेल, काय नाही, थांबायचा शब्द कोणता. हे रोजचंच आहे गं माझं." मग थोड्या वेळानं म्हणाली, "चाकूरला आत्ताच जाऊ. उद्या माझी हिंमत राहणार नाही."

चाकूरला तिच्या घरी पोचलो तेव्हा दुपार कलली होती. तिची माय सरकारी दवाखान्यात नर्स, वडील लातूरला कामाला गेलेले. मी जयभीम केला. शेजारची म्हातारी माझे काळे ओठ निरखून म्हणाली, "काय झालंय बाई पोरीला? काळी कावीळ झाल्यावानी दिसतीय." येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्य-मसाल्याच्या पिठाची, आमटी आणि भाकरी पुढं आली. अर्धी भाकरी होत नाही तोच टँकरचा हॉर्न वाजला आणि सगळी गल्ली घागरी घेऊन धावली. आम्हीही धावलो. पाईप धरायच्या गडबडीत प्रज्ञाची ओढणी चिखलात पडली.

मायनं पाहिलं. सगळ्या घागरी घरात आणल्या. मग दार लोटलं.

"गळ्यात काय हाय ते?"

"निनादनं दिलंय. मी त्याच्याबरोबर राहणार हाय, माय."

"कुलूप हाय त्याला. चावी कुणापाशी?"

"दोन हायत. एक माझ्यापाशी."

"मारतो का तुला?"

मी उठून बाहेर जाऊ लागले, तर प्रज्ञानं माझा हात धरला. तिनं सांगितलं, सगळं नाही, पण सांगण्यासारखं होतं ते. मला नको ते तो करत न्हाई. थांब म्हटलं की थांबतो. 

माय भिंतीला टेकल्या. "दवाखान्यात बाया येतात. तोंड सुजलेलं असतं अन् म्हणतात, पडले. तू मला कधी पडले म्हणून सांगशील का?"

"न्हाई सांगणार."

"मला हे पटलं न्हाई. लई वंगाळ वाटून राहिलंय." त्या उठल्या, बॅगेतून दुसरी ओढणी काढून लेकीला दिली. "जेव. भाकरी वाळली."

परतीच्या गाडीत प्रज्ञा रडली आणि झोपली. मी टक्क जागी.

पुण्यात परतल्यावरही चोकर घालणं मी सोडलेलं नाही. फरक इतकाच, की कुठल्याही शूटआधी मी समोरच्याला सांगते, हात लावायचा असेल तर विचारायचं. दोघा फोटोग्राफरांनी तेवढ्यावरून काम रद्द केलं. नदीतले फोटो मी मागवले नाहीत.

परवा अचानक प्रज्ञाच्या मायचा फोन आला. मला.

"तू बघितलंय त्याला. कसा हाय माणूस?"

 "तिचं ऐकतो," मी म्हटलं.

पलीकडं भांड्याचा आवाज आला.

"रविवारी येऊन राहिले मी," त्या म्हणाल्या. "तिला सांग, माझ्यासमोर ओढणी घ्यायची गरज न्हाई."