रोज रानात जातात

माझं तोंड आधी चालतं आणि डोकं मागून, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. पुण्याच्या दवाखान्यात मात्र ते दादांच्या जिवावर बेतलं.

दादा म्हणजे माझे वडील. पंचाहत्तरी ओलांडलेली, घर डोंगराकडं, गुंजवणे गावाच्या अंगाला, भातशेती. छातीत कळा यायला लागल्या तेव्हा मी त्यांना भोरला माझ्याकडे आणलं आणि तिथून पुण्याला नेलं. बायपास करावी लागेल असं ठरलं. मग डॉक्टरांनी विचारलं, "घरी चालतात-फिरतात का? काही काम करतात?"

"अहो, रोज रानात जातात," मी फाडकन बोलले. "आमच्याकडची माणसं बसून नसतात."

साफ खोटं. वर्षभर दादा ओट्यावर बसून होते. लावणीला गेले तेही माझ्या भावाच्या मोटारसायकलवरून, बांधावर बसायला. अर्धी भाकरी ताटात राहायची. सदऱ्यात दोन दादा मावले असते. हे सगळं मी बघत होते, पण माझा बाप थकलाय हे त्यांच्यादेखत माझ्या तोंडून निघेना. दादा शेजारीच होते. ते ऐकून जरा ताठ बसले.

ऑपरेशन झालं. हृदय एकदम चांगलं चालतंय, असं सांगितलं. आम्ही पेढे वाटले. वेडे आम्ही!

शेजारच्या खाटेवरचे आजोबा दादांच्याच वयाचे, ऑपरेशनही तेच. ते चौथ्या दिवशी व्हरांड्यात चालायला लागले. दादांना नुसतं खाटेच्या कडेला बसवलं तरी मान खाली जायची. छातीचं हाड जुळेपर्यंत हातावर जोर द्यायचा नाही, म्हणजे उठायचं ते निव्वळ मांड्यांच्या बळावर. आणि मांड्या होत्या कुठं? खोकायलासुद्धा ताकद लागते, तीही नव्हती. कफ साठला, परत आयसीयू झालं, आणखी तीन आठवडे अंथरूण. उरलंसुरलं बळ तिथं गेलं.

शेवटी मी डॉक्टरांना गाठून खरं सांगितलं. वाटलं, झापतील. त्यांनी दादांची फाईल परत उघडली. मग म्हणाले, "तेव्हा कळलं असतं, तर आधी काही आठवडे खाऊपिऊ घालून, थोडं चालवून मगच ऑपरेशन केलं असतं. कदाचित फरक पडला असता."

झापलं असतं तर बरं झालं असतं. जेवायला बसले की ते 'कदाचित' अजून आठवतं.

पुढे चार महिने दादा भोरला माझ्याकडेच होते. त्यांचं एकच चाललेलं, "पायानं चालत घरी जाणार. त्याबिगर न्हाई." अंडी, खिचडी, वरण, सगळं करून बघितलं. चार घास खायचे आणि ताट सरकवायचे. मी चिडायची. "खा की हो! मला छळायचं ठरवलंय का?" आजारी बापावर ओरडायची आणि मोरीत जाऊन रडायची. दोघांनी धरून उभं केलं तरी लगेच पाय लटपटायचे. एक दिवस ते म्हणाले, "बाई, बास झालं. मला घरी न्हे. कसं बी न्हे."

टेम्पोतून नेलं. घराला चार पायऱ्या. भावानं आणि भावकीतल्या तिघांनी प्लॅस्टिकच्या खुर्चीसकट त्यांना उचललं. दादांनी डोळे मिटून घेतले. सगळी आळी जमलेली. शेजारच्या म्हातारीनं मला विचारलं, "आपरेशन झ्याक झालं म्हनं! आता जात्याल न्हवं दादा रानात?"

"जातील की," मी म्हणाले. तोंडाला सवयच!

दादांनी डोळे उघडले.

"न्हाई," ते सगळ्यांदेखत म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. "आता न्हाई. आन मागल्या साली बी जात नव्हतो, पोरी."